ळ रंगवायचा राहिला

शाळा उघडायच्या सुमारास मूर्तिजापूरच्या बाजारात मुळाक्षरं रंगवायच्या पुस्तकांच्या चळती लागतात. कव्हरवर फुगे, सिंह, हत्ती आणि मोठ्या अक्षरांत 'मराठी अक्षर ओळख'. पुस्तक विकत घेताना पहिली पानं बघू नका, शेवटची उघडा. ह हत्तीचा झाला की पुढे काय येतं? काही पुस्तकांत थेट क्ष, त्र, ज्ञ येतात आणि पुस्तक संपतं. ळ नसतोच.

ही छपाईतली नजरचूक नव्हे. आतली पानं हिंदी शिकणाऱ्या मुलांसाठी तयार झालेली असतात आणि हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. अनार काढून अननस बसवला, कव्हर मराठी केलं की पुस्तक आपल्याकडे विकायला तयार. त्यातला ल बघा, श बघा. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं ते तसेच लिहायचे असं ठरवून दिलं आहे. या पुस्तकांत दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची. म्हणजे साडेतीन वर्षांचं पोर जो ल जीव लावून रंगवतं, तो त्याला पहिलीच्या पुस्तकात भेटणार नाही. आणि जो ळ पानोपानी भेटणार, तो त्याला रंगवायला मिळालेलाच नाही. पैसे पूर्ण वर्णमालेचे घेता ना? मग वर्णमाला पूर्ण द्या.

"एका अक्षरानं काय होते जी? लहान लेकरं तं हायेत," असं एका दुकानदारानं मला समजावलं.

बरंच होते. अकोला जिल्ह्याचे तालुके सात. त्यांतल्या बाळापूर आणि बार्शीटाकळी यांची नावं ळ शिवाय लिहिता येत नाहीत. मूर्तिजापूर जंक्शनवरून शकुंतला रेल्वेची एक वाट अचलपूरला जायची, दुसरी यवतमाळला. आता दोन्ही बंद, पण यवतमाळच्या शेवटी ळ आहेच. स्वयंपाकघरात डाळ, तांदूळ, गूळ, तीळ, केळी. शेतात विळा आणि नांगराचा फाळ. अंगणात नळ, आणि या खारपाणपट्ट्यात नळाला गोडं पाणी कधी येणार हा रोजचा प्रश्न. ज्या इमारतीत पोराला पाठवता ती शाळा, तिच्यातला फळा, तिची वेळ, तिथली खिचडी शिजवायची चूल पेटवणाऱ्या ताईंच्या डोळ्यांतला धूर. कुठंही बोट ठेवा, ळ आहे.

आणि हे वऱ्हाडाला सांगावं लागावं? मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा लीळाचरित्र तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केला. त्याच्या नावात दुसरंच अक्षर ळ. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ बाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून सांकेतिक लिप्या रचल्या. त्यातली सर्वांत गाजलेली सकळ लिपी. तिच्याही नावात ळ. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. त्या विद्यापीठातल्या विद्वानांना माझी एकच विनंती: कधी बाजारातून हिंडताना ही रंगवायची पुस्तकंही चाळा. भाषेचं भवितव्य ठरवणारी माणसं सध्या मेणाचा खडू मुठीत धरून बसली आहेत.

ळ हे काही मागाहून आलेलं अक्षर नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आहे. पुढच्या अभिजात संस्कृतातून तो गेला, हिंदीच्या प्रमाण रूपात आला नाही; पण गुजराती, पंजाबी, उडिया, तेलुगू, कानडी, तमिळ, मल्याळम या सगळ्यांच्या उच्चारात तो नांदतो आहे.

आता पुस्तकवाल्यांना बाजूला ठेवतो, कारण पुढची अडचण त्यांनी ळ छापला तरी सुटत नाही. ती आपल्या घरातली आहे.

वऱ्हाडीत ळ चा य होतो. डोळा तो डोया, केळं ते केयं, शाळा ती शाया, सकाळ ती सकाय, गूळ तो गुय, डाळ ती दाय. सगळ्यांच्या तोंडी सारखाच नाही. एकच माणूस बँकेच्या खिडकीपाशी 'वेळ' म्हणतो आणि घरी आल्यावर 'येय'. शहरातल्या घरांत दोन्ही मिसळलेलं. पण मूर्तिजापूर तालुक्यातल्या खेड्यातलं जे लेकरू आजीच्या मांडीवर बोलायला शिकलं, त्याच्या कानावर ळ फारसा पडलेलाच नसतो. ते तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत येतं. समोर चित्र धरलं जातं.

"हे काय हाय?"

"केयं."

"केयं नाही. केळं म्हण."

आणि पोर गप्प होतं.

मला राग या गप्प होण्याचा येतो. त्या पोराची चूक काय? त्यानं एकही शब्द मनानं बिघडवलेला नाही. जिथं जिथं ळ आहे तिथं तिथं ते इमानेइतबारे य म्हणतं, एकदाही चुकत नाही. हा नियम आहे, आणि इतक्या लहान वयात तो नियम त्यानं कुणी न शिकवता पकडला. त्याच्या आजीचं, आईचं, साऱ्या आळीचं बोलणं तेच. त्याला पहिल्याच पंधरवड्यात सांगितलं की तुझ्या घरचं केळं चुकीचं, तर त्याला ळ येत नाही. त्याला एवढंच कळतं की इथं तोंड उघडायचं नाही. अक्षर हे आवाजाची खूण. जे पोर आवाजच काढेनासं झालं त्याला तुम्ही खूण कशाची शिकवणार?

करायचं फार सोपं आहे. "तुह्या घरी केयं म्हणतेत ना? बरोबर. पुस्तकात केळं म्हणतेत. चाल, दोन्ही म्हणून पाहू." दोन्ही. घरचं पुसून पुस्तकातलं लिहायचं नाही. जिभेचं टोक मागं वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं. आरसा असला तर आरशात दाखवायचं. मुलांना जीभ दाखवायला आवडतंच. पाच मिनिटं हा खेळ करा आणि मगच पान हातात द्या. पान आधी, आवाज मागून, असं केलं की पोर ळ नावाचं एक चित्र रंगवतं, जसं फुलपाखरू रंगवतं, आणि विसरून जातं.

या वऱ्हाडी य चा तर शिकवायला फायदा आहे, तो कुणी घेत नाही याचं मला नवल वाटतं. ज्या घरात ळ चा य होतो तिथं 'गाय' आणि 'गाळ' एकसारखे ऐकू येतात. 'माय' आणि 'माळ'ही तसेच. आता एका पानावर गाय काढा, शेजारी विहिरीतून उपसलेला गाळ काढा. मुलं दोन्ही रंगवतील. मग विचारा: दोन्हीले आपण काय म्हणतो? मग कागदावर कसं समजावं, कोणती दूध देते आणि कोणता टोपल्यानं बाहेर टाकायचा? इथं अक्षराची गरज पोराला स्वतःला जाणवते. पुण्याच्या मुलाला हा प्रश्नच पडत नाही. मूर्तिजापूरच्या मुलाला पडतो. बालभारतीपासून बाजारातल्या पुस्तकांपर्यंत मला हे पान कुठं दिसलेलं नाही. आणि पुढे एखाद्या पोरानं गायीच्या चित्राखाली 'गाळ' लिहिलं तर लाल पेन उचलू नका. त्याला नियम सापडला आहे, तो त्यानं थोडा जास्त लांबवला एवढंच. महिन्या-दोन महिन्यांत त्याचं तोच सावरेल.

दुसरी गोष्ट अक्षराच्या जागेची. ळ नं मराठी शब्द सुरू होत नाही. इंग्रजी तक्त्यांचा साचा 'अमक्या अक्षरानं सुरू होणारी वस्तू' असा; तो इथं मोडतो. म्हणून तक्त्यांत 'ळ बाळाचा' येतो, किंवा कमळाचा, आणि चित्रात बाळ रांगत असतं. मूल काय करणार? ते चित्र पाहून 'बा' म्हणतं. पहिला आवाज ब चा, चित्र बाळाचं, आणि वर छापलाय ळ. मोठ्यांच्या तक्त्यातला हा गोंधळ मुलाच्या माथी 'याले अक्षरच ओयखू येत नाही' म्हणून मारला जातो. ण चंही तेच, बाणाचा ण. ही दोन अक्षरं शब्दाच्या शेवटी कान लावून शिकवायची असतात: नळ, फळ, जाळ, गोळा, सगळ्यांत शेवटी काय ऐकू आलं? मुलांना शेवट ऐकता येतो, त्यांना यमकं आवडतात. पण तसं सांगणारं कुणी हवं.

आणि आता खडूची डबी उघडू या. रंगवून अक्षर शिकवायचं असेल तर मराठीत ळ इतकं सोयीचं अक्षर दुसरं नाही, आणि नेमकं तेच पुस्तकातून गळलं. डबीतले खडू एकेक काढा आणि नावं घ्या. काळा. निळा. पिवळा. जांभळा. चार खडू, चारही नावांत ळ. लाल, हिरवा, पांढरा, गुलाबी, केशरी यांत नाही. दोन वाट्या ठेवा आणि मुलांना खडू वाटून टाकायला सांगा: ज्याच्या नावात ळ ऐकू येतो तो या वाटीत, बाकीचे त्या वाटीत. निया म्हणणारं पोर अडखळेल. मग पुन्हा जीभ वळवा, निळा म्हणा, टाका वाटीत. ळ च्या पानावर फक्त पहिल्या वाटीतले खडू चालतील असा नियम करा. आता पोर रंग उचलताना दर वेळी ळ म्हणतंय, ऐकतंय, आणि त्याच रंगानं ळ भरतंय. हाताला, कानाला आणि डोळ्याला एकाच वेळी काम लागलं. यासाठी छापील पुस्तक लागत नाही. डबी पुरते.

सणसुद्धा त्याच बाजूचे आहेत. होळी, पळसाच्या फुलांचा रंग काढायची. दिवाळी, अंगणात रांगोळी काढायची. पोळा, बैलांची शिंगं रंगवायची, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या लेकरांचा तान्हा पोळा, लाकडी बैल सजवून दारोदार न्यायचा. रंगाचे म्हणून जेवढे दिवस आपण पाळतो त्यातल्या बहुतेकांच्या नावात ळ बसलेला. अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी ळ शेवटच्या महिन्यात, परीक्षेच्या घाईत ठेवला, कारण तक्त्यात तो शेवटी आहे. तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात घ्या की! त्या आठवड्यात मुलांच्या डोक्यात दुसरं काही नसतंच.

रंगवण्याबद्दल मात्र एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. नुसत्या रंगवण्यानं अक्षर येत नाही.

छापलेल्या बाह्यरेषेच्या आत रंग भरताना हात आडवा-उभा फिरतो, रेघ ओलांडू नये एवढंच भान असतं. ळ कुठून सुरू झाला, कुठं वळला, कुठं थांबला, हे हाताला कळतच नाही. मारिया माँटेसरींना हे शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. तिथं त्यांनी दोन कामं वेगळी ठेवली. धातूच्या आकृत्यांभोवती रेघ काढून आत रंगीत पेन्सिलीनं रेघा भरायच्या, हे बोटांना वळण लागावं म्हणून. आणि अक्षर शिकायचं ते खरखरीत कागदाचं, आपल्याकडच्या पॉलिश पेपरसारख्या कागदातून कापलेलं: त्यावरून लिहायच्या दिशेनं बोट फिरवायचं आणि फिरवताना आवाज काढायचा. रंग हातासाठी, स्पर्श आणि आवाज अक्षरासाठी. आपल्या पुस्तकांनी दोन्ही कामं एका पानावर कोंबली, आणि दोन्ही अर्धवट सोडली.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचू न लागलेल्या, पाचेक वर्षांच्या मुलांवर एक छोटा प्रयोग केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी काही अक्षरं स्वतःच्या हातानं काढली, काही छापील खुणांवरून गिरवली, काही कळ दाबून टाइप केली. मग मेंदूचं स्कॅनिंग करताना तीच अक्षरं दाखवली. वाचताना जो भाग कामाला लागतो तो स्वतः काढलेल्या अक्षरांना जागा झाला. गिरवलेल्या आणि टाइप केलेल्यांना तसा झाला नाही. अक्षरं रोमन होती, मुलं थोडी होती, हे ध्यानात ठेवूनही मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते: मुलाचा वाकडा, डगमगता, एक गोल मोठा नि एक लहान असलेला ळ हा छापील ळ रंगवण्यापेक्षा जास्त कामाचा आहे. प्रत्येक वेळी तो वेगळा येतो, आणि तो वेगळा येऊनही ळ च असतो, हे मुलाला त्यातूनच कळतं.

आमच्या मागच्या पिढ्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. धूळपाटी म्हणजे काय? लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटकरीची भुकटी पसरायची, बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, पाटी हलवायची, पुन्हा काढायचं. धुळाक्षरं त्यावरूनच. तीत खोडायचं दुःख नव्हतं आणि 'रेघेबाहेर गेला' हा शेरा नव्हता.

तर रंगवणं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. रंगानं मुलं पानाशी टिकतात, बोटांत बळ येतं, तोंडानं बोलत राहतात. फक्त चित्र अक्षराच्या शेजारी न ठेवता अक्षराच्या आत आणा. लिनिया एहरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की वस्तूचं चित्र अक्षराच्याच आकारात मिसळलं तर मुलांना त्याचा आवाज चांगला लक्षात राहतो. अक्षर एकीकडे आणि चित्र दुसरीकडे असलं तर ते तसं जमत नाही. आता ळ कडे नीट बघा. उभी दांडी नाही. शिरोरेषेखाली शेजारी शेजारी दोन गोल, मधे एकमेकांना जोडलेले. त्या दोन गोलांत एकेक काळं बुबूळ काढा. डोळे झाले! डोळे या शब्दात ळ, बुबूळ या शब्दात ळ, काळा या रंगात ळ, आणि अक्षराचा आकारच डोळ्यांचा. मुलानं आधी बोटानं हवेत काढावा, मग रांगोळीनं जमिनीवर, मग खडूनं कागदावर, आणि काढून झाल्यावर बुबुळं रंगवावी. डोया म्हणेना का, म्हणू द्या, डोळाही म्हणेल. ळ कमळाचा शिकवण्यासाठी कमळाच्या पाकळ्या मोजत बसणाऱ्या पानापेक्षा हे पान मी केव्हाही पसंत करीन.

मोठ्यांच्या दोन सवयी मात्र तातडीनं मोडायला हव्यात.

एक म्हणजे आईबापांनी पान रंगवून देणं. नर्सरीतून पोर तीन पानं घरी आणतं, उद्यापर्यंत भरून द्यायची. पोर अर्ध्या पानात दमतं, आई भांडी घासून येते, रात्री साडेनऊला ती स्वतः उरलेला ळ भरते, बारीक, नीटस, रेघेच्या आत. दुसऱ्या दिवशी तिला तारा मिळतो. त्या आईला मी दोष देत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ देणाऱ्याला देतो. त्या वयात मुलाचं मनगट अजून तयार होत असतं, त्याला मूठभर जाड खडू आणि मोठा कागद लागतो, किंवा अंगणातली फरशी. बोटभर चौकोनात तेवढ्याच आकाराचं अक्षर भरायला लावणं ही दमछाक आहे, शिकवणं नव्हे.

दुसरी सवय सुबकपणाला गुण देण्याची. पिवळा हत्ती, जांभळी गाय, निळं केळं आलं की 'असं नसतं' म्हणतात. निळं केळं रंगवणाऱ्या पोरानं ळ दोनदा म्हटला, एकदा रंगात आणि एकदा फळात. त्याचं कौतुक करा.

हे सगळं करायचं कुणी? अंगणवाडीतल्या ताईंनी, असं म्हणून सगळे मोकळे होतात. ताईंकडे बघा तरी. वजन-उंची घ्यायची, घरपोच आहार वाटायचा, लसीकरणाला बाया गोळा करायच्या, गरोदर बायांच्या भेटी, आणि हे सगळं मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं. नेट गेलं की पुन्हा भरायचं. त्यातून उरलेल्या वेळात पूर्वप्राथमिक शिक्षण. तरीही मी ज्या ताईंशी बोललो त्यांना ळ ची अडचण कुणाही तज्ज्ञापेक्षा नेमकी माहीत होती. "सर, लेकरू 'फया' म्हणते अन् मले बी घरी फयाच येते तोंडात. मंग मी त्याले कसं रागावू?" असं एकीनं सांगितलं. त्यांना प्रशिक्षणात हे कुणी विचारतं का, एवढं मला अधिकाऱ्यांना विचारायचं आहे.

विदर्भाला तरी या कामाचा विसर पडू नये. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, त्यात मेळघाटातलं धारणी होतं. मेळघाट, त्यातही ळ. आणि त्याआधी ताराबाई मोडक. लग्नानंतरची काही वर्षं त्या अमरावतीत होत्या, तिथल्या वकिलांच्या पत्नी म्हणून. मग राजकोट, मग भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम, १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ, १९४५ ला बोर्डी, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडचा डोंगर. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. माँटेसरींची महाग साधनं आणायला पैसे नव्हते, म्हणून बिया, शंख, पानं, माती यांवर त्यांनी काम भागवलं. आपल्याकडे सरकी आहे, चिंचोके आहेत, तुरीचे नि ज्वारीचे दाणे आहेत. ओट्यावर खडूनं हातभर ळ काढा आणि त्यावरून लेकरांना चिंचोके मांडू द्या. कुठून सुरू करायचं ते बोटानं दाखवा. यासाठी निविदा काढावी लागत नाही.

गाडगेबाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाच्या घरी गुरं राखण्यात गेलं. त्यांना शाळा मिळाली नाही. म्हणून तर ते कीर्तनातून उभ्या महाराष्ट्राला पोटाला चिमटा काढून लेकरांना शिकवा म्हणत फिरले, आणि ते वऱ्हाडीतच बोलत होते. त्यांच्या बोलीत 'शाया' म्हणणाऱ्या लेकराला शाळेत शिरताना आपण खाली मान घालायला लावत असू, तर त्यांच्या नावाच्या संस्था, पुतळे आणि स्वच्छता अभियानं यांचा त्या लेकराला उपयोग काय?

म्हणून मागणी साधी ठेवतो. मूर्तिजापूर तालुक्यातल्या अंगणवाड्यांसाठी ळ ची आठ पानं काढा. ताईंनाच काढू द्या, त्यांच्यापैकी कुणाचा तरी हात चित्राला चांगला असतोच. डोळ्यांचा ळ. केळीचा घड. गाय आणि गाळ. माय आणि माळ. चार खडूंचं पान: काळा, निळा, पिवळा, जांभळा. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. यवतमाळला जाणारी शकुंतला, जी या मुलांनी पाहिली नाही पण आजोबांकडून ऐकली आहे. आणि आठवं पान पूर्ण कोरं, मुलाचा स्वतःचा ळ काढायला. प्रत्येक पानाखाली एक ओळ ताईंसाठी: आधी आवाज, मग बोट, मग खडू. झेरॉक्सचा आणि खडूच्या डब्यांचा खर्च कुठून करायचा असं ग्रामपंचायतीनं विचारू नये. आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करणं तिला बंधनकारकच आहे; यंदाच्या ग्रामसभेत तो हिशेब मागा आणि त्यातून ही आठ पानं छापून घ्या.